तीन खाचांची सुरी

फोन उचलला आणि पलीकडे कोणी बोलेना. बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यावर न बोलणारा माणूसही ओळखू येतो. श्वास कुठे अडतो, किती वेळ अडतो, त्यावरून मी वृंदावहिनींना ओळखलं. "नलू, हे गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी पेरू कापून खाल्ला, पेपर घेऊन खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच... मी "येते" म्हणून फोन ठेवला. पुढचं वाक्य लिहायला मला दीड महिना लागला आहे. शरद टिपणीस गेल्याचं ऐकून मला आधी रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. आता आपल्याला तो प्रश्न कोणी विचारणार नाही, असं मनात येऊन गेलं. लगेच स्वतःची लाज वाटली, पण आधी आलं ते हेच.

शरदभाऊ तळोज्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसले, म्हणजे बसले नाहीतच. मागच्या पडवीत लोखंड पकडायचा शिकंजा बसवून सुऱ्या करू लागले. आमची ओळख झाली ती तक्रारीवरून. त्यांचा फोन सारखा बिघडायचा, आणि बाकीचे लोक काउंटरवर येऊन ओरडायचे तसे न ओरडता ते आवाजाचं वर्णन करायचे. "बोलता बोलता एक बारीकसं टिक् होतं, आणि मग समोरचा लांब गेल्यासारखा वाटतो." मी म्हटलं, टिक् म्हणजे तुमच्याच तारेवरचा दुसरा फोन कोणीतरी उचलतंय. घरी जाऊन बघतात तर वरच्या भाडेकरूने खरंच तार जोडून घेतलेली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काउंटरवर हजर. "नलिनीबाई, पुढच्या महिन्यात चार रविवार नेऱ्याला सुऱ्या करायला शिकवणार आहे. हौशी लोकांसाठी. तुम्ही या. या कामाला डोळ्यांपेक्षा कान लागतो, आणि तुमच्यासारखा कान पनवेलात दुसरा नाही." घरी नवऱ्याने विचारलं, सुऱ्या बाजारात मिळत नाहीत का? मी म्हटलं, तुम्ही दर रविवारी पत्ते कुटता, त्यातून काय निघतं? त्यावर विषय संपला.

वाचनालयाच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात कागद लावला: 'सुरी बनवणे व धार लावणे. नवशिक्यांसाठी.' दिवस बरे नव्हते. मुंबईकडून रोज दंगलीचं काही ना काही कानावर येत होतं, पनवेलातही दुकानं लवकर बंद होत होती. अशात सुऱ्या करायला या असं उघड लिहिणारा माणूस भोळा तरी असला पाहिजे, नाहीतर... लोक कागद वाचायचे, इकडेतिकडे बघायचे आणि पुढे सरकायचे. तिसऱ्या दिवशी एक हवालदार त्यांच्या घरी आला. कोण कोण येणार त्यांची नावं त्याने लिहून घेतली. भट्टीची जागा देणारे उस्मानभाई, हे नाव त्याने दोनदा विचारलं. "एवढ्या सुऱ्या कशाला लागतात?" शरदभाऊंनी आतून कांदा आणि सुरी आणून त्याच्यासमोर कांदा चिरून दाखवला. "याला." हवालदार हसला, चहा प्यायला, दुसऱ्या दिवशी घरची विळी धार लावायला ठेवून गेला. पण नावांचा कागद त्याने खिशातच ठेवला. आपण सगळे त्या कागदावर आहोत हे चारही रविवार आमच्यातलं कोणी विसरलं नाही.

उस्मानभाई आखातातल्या एका गोदीत बारा वर्षं लोखंडकाम करून परतलेले. नेऱ्याला डोंगराखाली त्यांची आंब्याची बाग होती आणि बागेत पत्र्याची शेड. शिकणारे आम्ही पाच जण: शाळेतले दोन मास्तर, दातांचे एक डॉक्टर, उरणजवळच्या करंज्याचा हिराजी, आणि बायकांत मी एकटीच. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद उस्मानभाईंनी आधीच ठोकून पातळ करून ठेवलं होतं. ते आम्ही कानशीने घासत बसायचो. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाने पात्याच्या पाठीवर आपल्या नंबराच्या खाचा पाडल्या. माझा नंबर तीन. दोन रविवारांत तळहाताला इतके फोड आले की एक्स्चेंजमध्ये प्लग धरता येईना, आणि सगळ्या मुली विचारायच्या, "नलूताई, किल्ला लढवायचाय का?" मी म्हणायची, सुरी झाली की आधी तुमच्या जिभा कापते.

तिसऱ्या रविवारी पाती कडक करायची होती. त्याआधी शरदभाऊंनी आम्हाला ओळीत उभं केलं. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं, ते सहसा कोणाच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी तो हात समोर धरला. "दुसऱ्याने केलेली पटाशी," ते म्हणाले. "माझ्या हातात मोडली." मग त्यांनी नियम सांगितला. लाल झालेलं पातं तेलात बुडवलं की ते कडक होतं. पण असं झटक्यात निवताना कधीकधी त्याला भेग जाते. ती बाहेरून दिसत नाही. जाताना एकदाच बोलते, टिक्, आणि ते सांडशी धरून तेलाच्या डब्यावर वाकलेल्यालाच ऐकू येतं. "मी प्रत्येकाला विचारीन. आवाज आला असेल तर आला म्हणायचं, आणि आपलं पातं आपल्या हाताने ऐरणीवर मोडायचं. दुसऱ्याच्या पात्यावर घाव घालायचा नाही, मीसुद्धा घालणार नाही. भेगेचं पातं आज नाही तर पाच वर्षांनी मोडतंच. तेव्हा ते कोणाच्या हातात असेल हे आपल्याला माहीत नसतं."

ऊन उतरल्यावर शेडची दारं ओढून घेतली, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा रंग नीट कळतो. उस्मानभाई भाता मारत होते. डॉक्टरांचं पातं आधी तेलात गेलं. धूर, फसफस, मग शांतता. "आवाज?" "नाही." एका मास्तरांचा नंबर आला. "आला," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. तीन आठवड्यांची मेहनत त्यांनी ऐरणीवर एका घावात मोडली आणि बाहेर जाऊन आंब्याखाली उभे राहिले. मग माझी पाळी. चुंबक चिकटेनासं होईल इतकं लाल होईपर्यंत पातं तापवलं, सरळ तेलात सोडलं, तोंडावर धूर आला... आणि टिक्. अगदी बारीक. दुसरा फोन उचलल्यासारखं. आयुष्यभर मी त्याच आवाजावर पगार घेतला आहे, मला तो कळला नाही असं मी कोणालाही सांगू शकत नाही.

"आवाज आला?" शरदभाऊंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि हिराजीला पुढे बोलावलं. मी मनाशी म्हटलं, सुरी माझ्याच स्वयंपाकघरात राहणार आहे, मोडली तर माझ्या हातात मोडेल. मास्तरांसारखं सगळ्यांदेखत तोंड पाडून उभं राहायचं नव्हतं मला, एवढंच होतं ते. त्यातून ज्या कानाची त्यांनी एवढी तारीफ केली होती, त्या कानाच्या बाईचंच पातं मोडायचं?

चौथ्या रविवारी मुठी बसल्या, पथरीवर धार लागली, कागद अलगद कापला जाऊ लागला. मास्तरांनीही आठवडाभर खपून दुसरं पातं केलं होतं. सगळे खुशीत होते. तेव्हा शरदभाऊंनी पितळी डबा पुढे केला. त्यात आमच्या नंबरांच्या चिठ्ठ्या. "आपली सुरी आपण न्यायची नाही. दुसऱ्याची न्यायची. स्वतःसाठी माणूस कसंही करतो." हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. तीन नंबर हिराजीने उचलला. त्याने माझी सुरी हातात तोलून बघितली आणि म्हणाला, "ब्येस बसतेय हातान, ताई. बायको बंदरावर मावरा साफ करते ना, तिला देतो आता." तेव्हाही मला बोलता आलं असतं. शरदभाऊ माझ्याकडेच बघत होते. मी हसले आणि म्हटलं, जपून वापरायला सांग.

त्यानंतरची वर्षं मी कशी काढली ते माझं मलाच माहीत. उरणकडचा ट्रंक कॉल आला आणि पलीकडून कोणी डॉक्टरांचा नंबर मागितला की तो जोडून दिल्यावरही मी कान लावून बसायची. एकदा न राहवून मी करंज्याला गेले. हिराजीची बायको इतर बायकांबरोबर सुकत घातलेल्या मासळीपाशी बसली होती. तिच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. मी तिथेच थबकले. "काटा लागला," ती म्हणाली. हातात कोयता होता. सुरीचं विचारलं तर म्हणाली, "ती घरान हाय. सरांची सुरी हाय म्हनून आमचे ह्ये कोनाला हात नाय लावू देत." सर म्हणजे आम्हा सगळ्यांचे सर, शरदभाऊ, असं मी धरलं. त्यांनीच शिकवलेली, म्हणून त्यांची. परतताना एसटीत बसून मी ठरवलं, उद्या शरदभाऊंना सांगायचं. त्या उद्याला आता सहा वर्षं झाली.

एव्हाना ते मला नलिनीबाईवरून नलूवर आले होते. महिन्यातून एकदा तरी माझी त्यांच्याकडे खेप व्हायची. निघताना ते दारापर्यंत येऊन विचारायचे, "काही राहिलं का?" छत्री, चष्मा, पिशवी... सगळ्यांनाच विचारायचे, तशी त्यांची सवयच होती. पण मला विचारताना ते चपला घालून होईपर्यंत थांबायचे. मी दर वेळी "नाही" म्हणायची. "बरं," ते म्हणायचे, आणि दार लावून घ्यायचे. त्या "बरं"ची मला भीती वाटायची, हे आता लिहायला हरकत नाही.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. फडताळातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. "ही तुझी. त्यांनी सांगून ठेवलं होतं, माझ्यामागे नलूला द्यायची." मी रुमाल सोडला. पात्याच्या पाठीवर तीन खाचा. वहिनी आपल्याच नादात सांगत होत्या. त्या चौथ्या रविवारनंतर, सोमवारी पहिल्या एसटीने ते करंज्याला गेले. मूठ सैल वाटतेय असं हिराजीला सांगून ही परत घेतली आणि आपली सगळ्यात चांगली सुरी त्याला देऊन आले. त्या दिवसापासून रोजचा पेरू हिनेच कापायचे. "आणि मला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा मी कोथिंबीर चिरायला घेतली तर केवढ्याने ओरडले माझ्यावर, उभ्या जन्मात ओरडले नव्हते तसं. मी म्हटलं, बायकोपेक्षा नलूच्या सुरीवर जीव जास्त दिसतोय." त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी नेऱ्याला गेले. उस्मानभाई आता थकलेत, शेडमध्ये गवताचे भारे भरलेत. मी सुरी पुढे केली. त्यांनी ती उजेडात फिरवून बघितली, खाचांवरून बोट फिरवलं. "शरदभाई पूछते थे कभी कभी," ते म्हणाले. "नलू काही बोलली का, म्हणून. त्या दिवशी आवाज आला होता काय, बहन?"

"आला होता."

त्यांनी भारे बाजूला सारून ऐरण मोकळी केली, पातं आडवं ठेवलं, माझ्या डोळ्यांवर त्यांचा कामाचा जुना चष्मा चढवला आणि हातोडा माझ्या हातात देऊन मागे सरकले. एकच घाव पुरला. तुटलेली कड त्यांनी माझ्यासमोर धरली. जवळजवळ सगळी काळी होती. भेग त्याच दिवशी गेली होती, त्याच दिवशीचं तेल आत शिरून बसलं होतं. वरच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढा भाग तेवढा नवा, चकचकीत. "या अल्ला," उस्मानभाई हळूच म्हणाले. "एवढ्यावर धरून होती." आणि तिच्यावर अंगठा दाबून शरदभाऊ सात वर्षं रोज सकाळी पेरू कापत होते. माझं पातं त्यांनी मोडलं नाही, कारण ते माझं होतं. दुसऱ्या कोणाच्या हातातही राहू दिलं नाही. मी सांगेन म्हणून ते थांबले होते.

हे छापायला देण्याआधी मी वहिनींकडे जाऊन त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मी निमूट गेले असते. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग मी मुठीचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. शरदभाऊ डावखुरे. मुठीवर त्यांचा अंगठा टेकायचा तिथलं लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं आहे.

"म्हणून मला हात लावू देत नव्हते होय," त्या म्हणाल्या.

मग मूठ उचलून त्यांनी ती डाव्या हातात धरली, आणि त्या काळ्या जागेवर आपला अंगठा ठेवला.