अपिलासाठी आलेला साक्षीदार

माझ्या यजमानांचा झोपेत श्वास अडकतो. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी या आजारासाठी अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मागितले. परंतु आजार नोकरीतच जडल्याची नोंद नाही, म्हणून ते नाकारले गेले. अपिलासाठी साक्षीदार हवा होता. बरॅकमधला त्यांचा जुना सोबती एका फोनवर तयार झाला आणि रविवारी आमच्या मुलुंडच्या घरी हजरही झाला. ही तत्परता मला खटकली. पाठ केलेले उत्तर आडव्या प्रश्नापुढे टिकत नाही, हे मी वर्गात शिकवताना अनेकदा पाहिले आहे.

"श्वास अडकतो, हे तुम्हाला कसे कळले?"

"वहिनी, याचं घोरणं मधेच बंद पडायचं. मग मी याच्या खाटेला बांधलेली दोरी ओढायचो. खाट हलली की हा कूस बदलायचा आणि श्वास सुरू व्हायचा."

"कसली दोरी?" यजमान चकित झाले. "मला तर ठाऊकच नाही!"

माझा संशय बळावला. "मग डॉक्टरांना का नाही सांगितले?"

पाहुण्यांनी मान खाली घातली. "याची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, उतरली असती, वहिनी. बढती तोंडावर होती, ती अडली असती. आम्ही सगळ्यांनी मिळून लपवलं."

"मला तरी सांगायचंस रे!"

"तुला? अरे हरिश्चंद्रा, तू सकाळीच जाऊन डॉक्टरांना सांगितलं असतंस!"

खोटा साक्षीदार स्वतःलाच अडचणीत आणणारे उत्तर सहसा रचत नाही.

"हे असेच लिहून द्याल?" मी विचारले.

"देतो. लपवलं म्हणून झापतील, तर झापू देत."

त्यांनी लिहून दिले. तरीही सही होण्यापूर्वी मी ते दोनदा वाचले.