अनसूया यानाचा शेवट

विश्रांतवाडीच्या त्या इमारतीत यज्ञेश्वर पुराणिकांच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. टेलिफोन खात्यातून निवृत्त, बायको गेलेली, आणि जीभ अशी की दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून पळायचा. पण हाच माणूस दुपारी पुस्तक उघडून बसला की लोण्यासारखा मऊ व्हायचा. आणि पुस्तक तरी कसलं, तर 'अनसूया' नावाच्या अवकाशयानाचं! बोलणारं, रुसणारं यान, आणि आपापल्या ग्रहावर ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशी त्यात राहणारी पाच माणसं. लढाया नाहीत, मारामाऱ्या नाहीत. यान त्यांच्यासाठी पाणी तापवणार, उशिरा येणाऱ्याला झापणार, आजाऱ्याशी गप्पा मारत बसणार. खराडीच्या कंपनीत असलेला मुलगा म्हणायचा, बाबा, या वयात हे काय? पुराणिक म्हणत, तुझ्या वयात अक्कल नव्हती म्हणून राहून गेलं. खरं सांगायचं तर बायको गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा ते अनसूयेच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे.

शेवटच्या भागात अनसूया भंगारात निघाली. दोनच प्रकरणं उरली आणि नेमकं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. दुसरा डोळा आधीच कामातून गेलेला. डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद सांगितलं. आता अनसूया वाचते की मोडली जाते, या काळजीनं पुराणिकांना जेवण जाईना.

डोळ्यात थेंब घालायला समोरच्या नसीमबानू यायच्या. नवऱ्यामागे कपडे शिवून दोन मुली उजवलेल्या, तोंडानं पुराणिकांच्या तोडीस तोड. कुणाकडे कधी काही न मागणाऱ्या पुराणिकांनी शेवटी न राहवून त्यांना वाचून दाखवायची गळ घातली. त्या हसल्या. लोखंडाशी गप्पा मारतात, यांना कामधंदा नाही का, म्हणाल्या. एक प्रकरण असंच टोमणे मारत वाचलं आणि कसलंसं निमित्त करून पुस्तक घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या बसलेला आवाज घेऊन. शेवटचं प्रकरण वाचायला लागल्या, ते पुराणिकांना जरा वेगळंच वाटलं. मोडायला आलेल्या माणसांना अनसूयेनं दारातच चपला काढायला लावल्या. अवकाशात चपला? मग चहा पाजला, त्यांच्या आयांची चौकशी केली, आणि माझ्या पोरांची आबाळ होईल, मी काही मोडून घ्यायची नाही, असं ठणकावलं. माणसं निमूट परत गेली. मग सगळ्यांसाठी शेवयांची खीर झाली. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता. पुराणिकांच्या ध्यानात यायचं ते आलं. एरवी त्यांनी चांगलं फैलावर घेतलं असतं. पण ते गप्प पडून राहिले.

वाचायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी तेच शेवटचं प्रकरण काढलं. त्यात अनसूया मोडली होती. आज शेवटचं, हे न सांगता तिनं एकेकाला नावानं हाक मारून खाली उतरवलं होतं, आणि पाच जण पाच दिशांना गेले होते. पुराणिक लहान मुलासारखे रडले. डोळ्याला पाणी लागू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते राहिलंच.

नसीमबानू थेंब घालायला आल्या आणि उघडं पुस्तक बघून दारातच थबकल्या.

"वाचलंत?"

"वाचलं."

त्या खुर्चीवर बसल्या. "माझी जीभच रेटेना, भाईसाहेब. डोळे मिटून पडलेल्या माणसाला हे कसं ऐकवू?"

पुराणिकांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि थेंबांसाठी मान मागे टाकली.

"छापणाऱ्यांनी घोळ घातलाय, भाभी. तुमचंच बरोबर. आता सांगा, खीर खाऊन झाल्यावर ती सगळी कुठे निघाली?"

नसीमबानूंनी आधी थेंब घातले, जरा वेळ विचार केला, आणि सांगायला लागल्या.