फातियाच्या आधीचा मलिदा

घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण आई रागावली की थेट मराठीवर येते. यंदा उरुसासाठी मिरजेहून पलूसजवळच्या माहेरी पोचले, तेव्हा ती मराठीतच बोलत होती.

धाकट्या भावानं सांगून टाकलं होतं की पिराला मलिदा न्यायचा नाही. मागायचं ते अल्लाकडे, कबरीकडे नाही. आणि नेलाच, तर त्यातला घासही तो तोंडात घालणार नाही. हल्ली तो धर्माचं वाचायला लागलाय. मला त्याचा राग येतो, पण तो चुकतोय असंही छातीठोक म्हणता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आम्ही कुराण नुसतं पाठ केलं, अर्थ घरात पहिल्यांदा त्यानं वाचला, तोही मराठीतून. पण आमच्या शिवारात अल्लाचं नाव आणलं कुणी? त्या पिरानंच, असं सगळे सांगतात. मग ज्या वाटेनं धर्म घरी आला, तीच नांगरून टाकायची? मनातल्या मनात भांडत मी स्वयंपाकघरात उगाच येरझाऱ्या घालत होते.

आई गरम चपात्या कुस्करून गूळ-तूप मळत होती. भाऊ दारात आला तशी म्हणाली, "आवं मौलवीसाब, मिरजंच्या डॉक्टरला भेटायचं तर आधी कंपाउंडरला सांगाय लागतंय का न्हाई?"

"अल्लाच्या दारात कंपाउंडर नसतोय, अम्मा," तो शांतपणे म्हणाला.

आई पुन्हा चपात्या कुस्करू लागली.

तरी आम्ही गेलो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून त्यानंच आपल्या रिक्षातून नेलं. दर्ग्याच्या पायरीशी तिच्या चपला सांभाळत उभा राहिला, आत आला नाही. मलिद्यावर पिराच्या नावानं फातियाची दुआ पढून झाल्यावर आम्ही परात घेऊन बाहेर निघालो. आता चारचौघांत हा नको म्हणणार आणि आईचा जीव तुटणार, अशी मला धास्ती होती.

आईनं परात माझ्याकडेच ठेवली. पिशवीतून एक छोटा डबा काढून त्याच्यापुढं धरला.

"ह्यो फातियाच्या आधीच काढून ठेवलाय. आता तरी खा."

चपला तिच्या पायाशी ठेवून त्यानं डबा घेतला. मग उभ्याउभ्याच खाऊ लागला. अर्धा डबा संपल्यावर, खाली बघतच, आत काय मागितलंस म्हणून त्यानं विचारलं.

"तू माझ्या हातचं खावंस," आई म्हणाली.