रांजण रिकामा असू दे, माय

देवाबद्दल मला शंका होती, असं म्हणणं फार सौम्य होईल. मला राग होता. बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून आमच्या वस्तीतल्या देवीच्या देवळासमोरून जाताना मी मान फिरवून चालत असे. बाबांनी मात्र सकाळचं देऊळ सोडलं नाही. पुजारी पळीभर तीर्थ हातावर घालायचे आणि बाबा घरी येऊन सांगायचे, "एक पळी झाली, तेवढं कमी दे." देवीचं तीर्थसुद्धा ते दिवसाच्या पाण्यात धरत. ज्या माणसाने उभं आयुष्य नागपूरच्या उन्हात बसमध्ये तिकिटं फाडली, त्याला म्हातारपणी घोट मोजून प्यायला लावणाऱ्या देवीपुढे हात काय म्हणून जोडायचे, हा माझा प्रश्न होता.

त्यात माझं काम पाण्याचं. मी पत्रकं लिहिते, चौकात वाटते, नळाला पाणी आलं नाही की बायकांना घेऊन कार्यालयासमोर बसते. "पाणी हा उपकार नाही, हक्क आहे" हे वाक्य आमच्या भागातल्या कितीतरी भिंतींवर माझ्या हाताने रंगवलेलं आहे. आणि घरात मीच पाण्यावर पहारा देत होते. माठ शेजाऱ्यांकडे ठेवला होता. आंघोळीच्या वेळी दाराबाहेर उभी राहून बाबा चूळ थुंकतात की गिळतात, ते कान देऊन ऐकत होते. हा आजार माणसाला इतकं हलकं करतो, हे कोणत्याही पत्रकात लिहिलेलं नसतं.

किडनी म्हणजे लघवी तयार करणारा अवयव, एवढंच मला शाळेत शिकवलं होतं. खरं म्हणजे ती शरीरातली सगळ्यात इमानदार पाणीवाली आहे. पाठीशी बरगड्यांखाली मुठीएवढ्या दोन जणी बसलेल्या असतात. अंगातलं सगळं रक्त पुन्हापुन्हा त्यांच्याकडे येतं. त्या ते गाळतात, कामाचं पाणी आणि मीठ बहुतेक सगळं परत करतात, जास्तीचं आणि विषारी तेवढं बाहेर सोडतात. उन्हात घाम गेला की हात आखडतात, भरपूर पाणी प्यायलं की मोकळं सोडतात. आपल्याला विचारत नाहीत, आपल्यावर उपकार दाखवत नाहीत. त्या बंद पडल्या की प्यायलेलं पाणी जागच्या जागी राहतं. आधी पाय सुजतात, मग चेहरा, मग पाणी फुप्फुसात चढतं आणि माणूस कोरड्या खाटेवर बसल्याबसल्या बुडायला लागतो. तहान मात्र जात नाही. बाबांना एक दिवसाआड डायलिसिसच्या मशीनवर घ्यायचे, ते जास्तीचं पाणी काढायला. मधल्या वेळात घशाला कोरड आणि छातीशी पूर.

आमच्या देवळापुढे कडुलिंबाखाली पाणपोई असते. अक्षय्य तृतीयेला घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरली की त्याच दिवशी ती सुरू होते. कमलाबाई नावाची विधवा मावशी तिथे बसते. नवरा उन्हात पाण्यावाचून गेला, तेव्हापासून तिने ते व्रत धरलं आहे. रांजण भरायचं काम पाण्यासाठी भांडणाऱ्या आमच्या मंडळाचं. पाणपोईचा नियम असा की आलेल्याला नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, किती पिणार हे विचारायचं नाही. बाबा आले तर त्यांना नको देऊ, असं मी तिला सांगून पाहिलं होतं. तिने तोंडावर सांगितलं, "इथं बसून नाही म्हनता येत नाही वं. माहं व्रत मोडते. तुह्या बापाले तूच धर."

त्या मे महिन्यात मोठी जलवाहिनी फुटली आणि निम्म्या शहराचं पाणी बंद झालं. डायलिसिसच्या मशीनला एकेका रोग्यामागे पिंपंच्या पिंपं शुद्ध पाणी लागतं. आम्ही केंद्रावर पोचलो तर दार अर्धं ओढलेलं. सिस्टर म्हणाली, "पाणीच नाही तर मशीन कशी चालवू? उद्या या. काका, आज जीभ ओली करण्यापुरतंच, नाहीतर उद्यापर्यंत काही खरं नाही." इतर दवाखान्यांत फोन केले, सगळीकडे तीच गत. ज्यांच्या घरी टाक्या आहेत त्यांचा हौद भरलेला आणि ज्यांचा जीव पाण्यावर टांगलेला त्यांना उद्या या. मी तिथेच भांडायला उभी राहिले. बाबांनी माझी ओढणी ओढली. "चाल वं. ते बिचारी काय करन."

दुपारी मी फोनवर टँकरवाल्याशी हुज्जत घालत होते. मागे वळून पाहिलं तर खाट रिकामी. चपला नव्हत्या. ते कुठे गेले असतील, याचा मला विचार करावा लागला नाही. सकाळी केंद्रावर जायच्या आधी, वस्तीत पाणी नाही म्हणून, लांबच्या विहिरीवरून कॅन आणून तो रांजण मीच काठोकाठ भरला होता.

मी धावले. आयुष्यात पहिल्यांदा त्या देवीला हाक मारली आणि मागितलं काय, तर रांजण रिकामा असू दे, माय. सगळ्या वस्तीला पाणी मिळावं म्हणून घसा कोरडा करणारी मी, कोणालाच पाणी मिळू नये म्हणून रडत पळत होते. लाज वाटली. तरी मागितलं.

रांजण रिकामा होता. वाहिनी दुरुस्त करायला खणणारे मजूर जेवणाच्या सुट्टीत आले होते आणि त्यांनी तो तळापर्यंत संपवला होता. पण बाबांच्या हातात ग्लास होता, भरलेला. शेवटचा ग्लास ज्याच्या वाट्याला आला तो मजूर मातीने माखलेला, ओठ फुटलेले. म्हाताऱ्याला रिकाम्या रांजणात डोकावताना पाहून त्याने तो पुढे केला होता. "घ्या ना काका. तुमी प्या, मी थांबतो," असं तो म्हणाला, हे कमलाबाईने मला नंतर सांगितलं. तिने मला येताना पाहिलं आणि मान खाली घातली. मी ओरडणार होते.

बाबा ग्लासाकडे बघत होते. मग त्यांनी तीर्थाला करतात तसा उजवा तळहात खोलगट केला, ग्लासातून पळीभर पाणी त्यात ओतलं, देवळाकडे बघून तेवढंच घेतलं, ओला हात डोळ्यांना लावला आणि ग्लास त्या माणसाला परत दिला.

"तू पी गा. तुह्या अंगातून निघून जाईन. माह्यातून निघत नाही."

त्या माणसाला काही कळलं नाही. तो गटागटा प्यायला. बाबा त्याचा हलणारा गळा शेवटच्या घोटापर्यंत बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून धावत आली वं? अनवानी?" माझे तळवे भाजले होते, ते मला तेव्हा कळलं.

वाहिनी रात्रीतून जोडली गेली आणि सकाळी मशीन सुरू झालं. बाबांचा श्वास घरघरत होता, पण होता. डॉक्टर म्हणाले, आणखी तांब्याभर पाणी पोटात गेलं असतं तर ते इथवर पोचले नसते.

हा चमत्कार होता, असं मी म्हणणार नाही. वाहिनी फुटली ती सडली होती म्हणून, आणि ती वेळेत न बदलणाऱ्यांचं पाप मी देवीच्या नावावर खपवणार नाही. त्यावर पत्रक काढलं, पुन्हा काढीन. पण मी मागितलं त्यापेक्षा जास्त मला मिळालं, हे नाकारणं खोटेपणा होईल. मी रिकामा रांजण मागितला होता. तो रिकामा झाला कोणाला तहानलेलं ठेवून नव्हे, तर बाबांच्या मशीनला पाणी आणणाऱ्यांची तहान भागवून. आणि पहारा मी देत होते, तरी सांभाळलं दुसऱ्याच कोणीतरी. त्या दिवसानंतर मी न्हाणीच्या दाराशी उभी राहिले नाही.

बाबांनी त्या वर्षीचा पोळा पाहिला, दिवाळी नाही पाहिली. हृदय थांबलं. बुडून गेले नाहीत, एवढंच मागायला उरलं होतं आणि तेवढं दिलं गेलं. आता मी देवळासमोरून मान वळवून जात नाही. भांडण सोडलेलं नाही. फक्त माझ्या हातून काय होतं आणि काय होत नाही, यातलं दुसरं तिच्या पायाशी ठेवायला शिकते आहे. जमतंच असं नाही.

यंदा अक्षय्य तृतीयेला बाबांच्या नावाची पहिली घागर भरली. मातीची, नवी, कडुलिंबाखाली ठेवलेली. मी ओतत राहिले. पाणी काठावरून खाली माझ्या पायांवर आलं.

कमलाबाई म्हणाली, "अवं, सांडून राहिलं."

"सांडू दे मावशी," मी म्हटलं. "आता त्यायले कोनी मोजून देनार नाही."