बोरगावच्या नाल्यावर न चढलेला पूल

मी मनोहर गोविंदराव घागरे, बी. कॉम., वय पंचावन्न, पांढुर्ण्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस. जुना लोखंडी पूल एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी पायी जाणाऱ्यांसाठी उभारण्याचा विचार ज्या गावांत चालू असेल, त्यांच्यासाठी हा प्रवास लिहून ठेवत आहे.

लोधीखेड्याच्या वाटेवर सिमेंटचा नवा पूल झाला आणि जुना, तिरप्या पट्ट्यांच्या त्रिकोणी कैच्यांचा पूल मोडीत निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान नामदेवराव यांनी बांधकाम खात्यात अनेक खेटे घालून तो बोरगावाजवळच्या आपल्या वस्तीसाठी मागून घेतला. वस्ती नाल्यापलीकडे आहे. त्यांची सून सुनंदा सौंसरच्या शाळेत शिक्षिका. पूर आला की कधी अलीकडे अडकते, कधी पलीकडे. तिचा नवरा प्रकाश याने स्पष्ट सांगितले होते: दिवाळीपर्यंत पूल झाला तर येथेच राहू, नाहीतर सौंसरला बिऱ्हाड करू. उन्हाळ्यात पूल सुटा करून वस्तीच्या बैलगाड्यांनी वाहून आणला होता. दसऱ्यानंतर खात्याचा फिटर आला. "पूल चढताना पाहाले या," असा भाऊजींचा निरोप मिळाला आणि मी रजा टाकली.

पांढुर्ण्याहून सकाळची बस धरावी. दुपारच्या बसमध्ये उभे राहावे लागते. रस्ता खडबडीत आहे, पण दुतर्फा फुटलेला कापूस आणि संत्र्याच्या बागा आहेत. सौंसरच्या स्टँडवर पोह्यांवर चण्याची तर्री घालून देतात. ती उत्तम असते. मात्र पांढऱ्या सदऱ्यात खाऊ नये. तेथून बोरगावपर्यंत दुसरी बस आणि पुढे पायी. नाल्यात गुडघाभर पाणी होते. चपला हातात घेऊन मी पलीकडे गेलो.

काठावर पुलाचे सगळे लोखंड मांडलेले होते. त्यावर गंजाचा मागमूस नव्हता; ते तांबडेलाल चमकत होते. शेजारी फिटर डोक्याला हात लावून बसला होता.

"काका, नंबर कुठी गेले?" तो भाऊजींना विचारत होता.

"कोनते नंबर?"

"पूल सोडताना पांढऱ्या रंगानं टाकले होते ना जी, एकेका पट्टीवर!"

"ते? ते तं घासले. पोळ्याले."

पोळ्याला बैल धुतले, त्यांची शिंगे रंगवली. ज्यांनी पूल ओढून आणला त्यांचा मान झाला, मग पुलाचा का नको, असे भाऊजींना वाटले. वस्तीतील सर्वांनी विटांच्या तुकड्यांनी गंज घासून काढला आणि जवसाच्या तेलात गेरू कालवून लोखंडाला चोपडला. पट्टी न् पट्टी. सर्वांत अधिक भाऊजींनी.

"नामदेवराव, झूल घालाची राह्यली ना पुलाले!" शेजारचा म्हातारा तुकाराम ओरडला. लोक हसले. भाऊजीही हसले, त्यांना अजून कळले नव्हते.

"पट्ट्या सारख्याच दिसतात," मी फिटरला म्हणालो. "नकाशावरून बसवता येणार नाहीत?"

"दिसाले सारख्या हायेत साहेब. पन भोकं त्या काळी जागेवर पाडले हायेत. ज्याची त्यालेच बसते."

दोन दिवस त्याने प्रयत्न केला. पहिला त्रिकोण जुळला, दुसरा जुळला. तिसऱ्याची भोके बोटभर सरकलेली निघाली. भाऊजी प्रत्येक पट्टीला स्वतः खांदा देत होते. "हे लावून पाहा ना बापू. हे बसते पाहा आता." ती बसत नव्हती.

"मंग नवीन भोक पाड!" भाऊजी म्हणाले.

"पाडतो ना. पूल मानसं घेऊन खाली आला तं कोनाच्या नावावर?"

तिसऱ्या दिवशी खात्याचे ओव्हरसियर जीपने आले. फिटरला दुसऱ्या कामावर पाठवीत आहोत आणि लोखंड भंगारात जमा होईल, एवढे सांगून ते परतले.

त्या संध्याकाळी ताईने बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता. कोणी धड जेवले नाही.

"प्रकाश, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत..." मी सुरुवात केली.

"मामाजी, आता कोनता पूल येनार हाये? खोली पाहून ठेवली मी."

सुनंदा ताटाकडे पाहत म्हणाली, "बाबांवर राग नाही जी माझा. पन यंदा पान्यात पाय सुटला होता. हे धरून होते म्हनून वाचली."

भाऊजी ताटावरून उठत म्हणाले, "सकाळी गाडी मीच जुपतो. नाल्यात बैल दुसऱ्याचं आयकत नाही."

सकाळी ट्रंका, भांडी, गाद्या गाडीत चढल्या. मीही त्याच गाडीने निघालो. भाऊजी बैलांच्या पुढे पाण्यातून चालत होते. अलीकडच्या काठावर त्यांनी गाडी थांबवली आणि कासरा मुलाच्या हातात दिला. ताई पलीकडेच उभी होती.

असे काम काढणाऱ्यांनी खुणा रंगाने करू नयेत. छिन्नीने लोखंडातच ठोकाव्यात. एवढी सूचना मी निश्चित देऊ शकतो. ज्या हातांनी तो पूल घासला, त्या हातांना कोणती सूचना द्यावी, हे मला घरी परतून इतके दिवस झाले तरी उमगलेले नाही. पूल न झाल्याचे दुःख कदाचित ओसरेल. तो प्रेमाने बिघडला, याला तोड सापडत नाही.

घरी पोचलो तेव्हा पत्नीने पाणी दिले आणि विचारले, "आता ताईंच्या घरी कोण कोण राहिलं?"

"दोघंच," मी म्हणालो.

मनोहर गोविंदराव घागरे
पांढुर्णा, १२ नोव्हेंबर १९८६