हलीमाआपाचा भाकरीचा तुकडा

हलीमाआपा जेवायला बसली की आधी भाकरी मोडायची आणि उजव्याडाव्या बाजूच्या ताटांत एकेक तुकडा टाकायची. मग स्वतःचा घास. मुंबईच्या गिरणीत संप चालला होता तेव्हाची सवय, म्हणायची. नवरा तिथंच मोर्च्यात गोळी लागून गेला. मग ती भावाबरोबर लाँचनं दुबईला आली आणि बर दुबई नावाच्या वस्तीत, खाडीकाठी, आमच्या रत्नागिरीच्या माणसांची खानावळ चालवू लागली. तेव्हा झावळ्यांची घरं होती. पाणी गाढवावरून यायचं.

मला ती आवडत नव्हती. खरं तेच सांगते.

ती शिकलेली. माणसांना गावची पत्रं वाचून दाखवायची, पेपर वाचायची. आमचे हे सिमेंटच्या गोणी उतरवून यायचे, हातपाय धुवायचे की चालले तिच्याकडं. मला अक्षर येत नव्हतं. परत आले की सुरू, "आपा सांगत होती, इटलीत फॅसिस्ट होते."

"ते कोण?"

"एकानं बोलायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची. आपा म्हणते, असला माणूस मुकादमात असतो, नवऱ्यातपण असतो." आणि हसले. माझ्याशी बोलताना असे कधी हसले नव्हते. एकदा जेवताना ह्यांनी आपासारखाच माझ्या ताटात भाकरीचा तुकडा टाकला. मी तो उचलून शेळीला घातला.

लोक म्हणायचे, ती कम्युनिस्ट आहे. मी तोंडावर विचारलं. म्हणाली, "नमाज चुकत नाही माझी, बाय. पण अल्लानं मुकादमाला दोन पोटं दिलेली नाहीत." गिरणीत कुणीतरी तिचं नाव मालकाकडं फोडलं होतं. त्याच्यावरही तिचा राग नव्हता. "भिऊन बोलला त्याला माफ. पोरंबाळं असतात माणसाला."

त्या उन्हाळ्यात एक माणूस गोणीसकट कोसळला. गोणी यायच्या त्या बार्जवर प्यायला पाणी नसायचं. दुसऱ्या दिवशी सगळे खाडीवर बसून राहिले. पाण्याचं पिंप द्या, दुपारी तासभर सावली द्या, मग उठतो. मुकादमानं एकेकाला विचारलं, तुम्हाला शिकवलं कुणी? जो तो म्हणाला, "मीच." आमचे हेपण.

तिसऱ्या दिवशी मुकादम माझ्या दारात. शेजारच्या गावचा, कितीदा माझ्या हातचं जेवलेला. मी भाकरी थापत होते.

"भाभी, एक नाव सांग. खलास. तुझ्या माणसाला हात लागणार नाही."

माझे हात थांबले नाहीत. म्हटलं, "हलीमा."

मुकादमाच्या वरच्या साहेबानं तिला मुंबईच्या लाँचवर चढवायला सांगितलं. पिंप मात्र आलं, सावलीही मिळाली. मी तिचं नाव सांगितलं हे ह्यांना मरेपर्यंत कळलं नाही.

लाँच सुटायची त्या सकाळी सगळे खाडीवर जमले होते. ह्यांचे डोळे भरले होते. तेवढ्यातही मला ते बघवेना.

आपा बायकांना भेटत भेटत माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मुकादम तुझ्या दारातून निघाला तो थेट माझ्याकडं आला, बाय. घाबरली असशील. ना?"

मी मान डोलावली.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लाँचकडं गेली. भिऊन बोललेल्याला ती माफ करून गेली. मी भ्याले नव्हते.