कुलूपकाकांची हाक

आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुलूपकाकांना इंग्रजी येतं ते एवढंच: 'एनीबडी इनसाइड?' आत कोणी आहे का? गोठवलेल्या वाटाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं दार संध्याकाळी बंद करायचं काम त्यांचं. तिथली माणसं चार मुलखांतली, चार भाषा बोलणारी. म्हणून साहेबांनी सगळ्यांना कळेल अशी इंग्रजी हाक ठरवून दिली. काकांनी दारातून ओरडायचं आणि बाहेर जमलेल्यांनी उत्तर द्यायचं, 'नोबडी!' कोणी नाही.

वर्षानुवर्षं म्हणून म्हणून त्या उत्तराची नुसती आरोळी झाली. घरी जायच्या घाईत काकांची हाक पुरी व्हायच्या आत 'नोबडी' यायचं. एका संध्याकाळी काकांचा सख्खा भाचा मागच्या रांगेत खोकी रचत होता. कानटोपी ओढलेली, वर पंख्यांची घरघर. त्याला हाक ऐकूच गेली नाही. बाहेर 'नोबडी' झालं, कुलूप लागलं. दार आतून उघडायचा खटका बर्फाने जाम झाला होता. सकाळी तो दाराशीच गोठून बसलेला सापडला.

चौकशीत जो तो म्हणाला, 'समबडी चेक्ड.' कुणीतरी बघितलं होतं म्हणे. कुणी, ते मात्र कुणालाच सांगता येईना. काकांच्या बहिणीने त्यानंतर त्यांचं तोंड पाहिलं नाही.

तेव्हापासून काका हाक मारायचे, पण उत्तरावर विसंबायचे नाहीत. स्वतः आत शिरायचे, रांगेरांगेतून फिरून मागच्या भिंतीला हात लावून यायचे. बाहेर लोक वैतागायचे.

"काका, भिंत पळून जातेय का?"

"तू पळ की. तुला कुणी धरलंय?"

माझी लेक तिथे पॅकिंगला लागली तेव्हा मी काकांकडे गेले. म्हणाले, "वहिनी, मी आहे तोवर निवांत झोपा." मीही झोपत होते.

पण गारठ्याने काकांचे गुडघे गेले. फेरीला वेळ लागतो, दार उघडं राहून माल मऊ पडतो, असं म्हणत साहेबांनी त्यांना घरी बसवलं. आज त्यांच्या जागी नवा माणूस आला.

लेक परतली तेव्हा काका जिन्यात तिचीच वाट बघत बसले होते. मीही खाली उतरले.

"हाक मारली त्याने?"

"मारली की."

"आत गेला?"

"नाही हो. सगळे नोबडी म्हणाले ना."

"तू?"

"मीपण."

"बघितलं होतंस?"

बूट काढता काढता ती थांबली. "सगळेच म्हणतात, काका."

कुणाकुणाला बाहेर आलेलं पाहिलंस, असं मी विचारलं. तिला दोन-चारच तोंडं आठवली.

काका कठड्याला धरून उठले. "दार उघडायला लावतो," एवढंच म्हणाले आणि काठी टेकत निघाले.

लेक न जेवता झोपली आहे. खालचं काकांचं दार अजून वाजलेलं नाही.